तारीख, मुदत आणि काम: वकिलाच्या कचेरीतील कामांची नोंद व वाटणी

वकिलाच्या कचेरीत जी कामे चालतात त्यांचा उगम स्थूलमानाने दोन ठिकाणी असतो. काही कामे न्यायालयाने दिलेल्या तारखेतून निर्माण होतात, तर काही कायद्याने घालून दिलेल्या मुदतीतून. तारीख न्यायालय उघडपणे जाहीर करते. ती रोजनाम्यात लिहिली जाते, त्या दिवशीच्या बोर्डावर लागते आणि अलीकडे वकिलाच्या व पक्षकाराच्या भ्रमणध्वनीवरही येते. मुदतीचे तसे नाही. अपील करण्याचे तीस दिवस संपत आले आहेत, असे कोणतेही न्यायालय कोणाला कळवीत नाही. मुदत ज्याची त्याने मोजावयाची असते. तारखेला गैरहजर राहिल्यास नुकसान होते, परंतु पुष्कळदा ते खर्च भरून किंवा अर्ज करून निस्तरता येते; मुदत टळली तर मूळ हक्कच गमावण्याची वेळ येते. प्रकरणांचे व्यवस्थापन करणाऱ्या संगणकीय आज्ञावलीत ‘काम’ निर्माण करणे व ते कोणाकडे तरी सोपविणे या वरवर किरकोळ दिसणाऱ्या क्रियेचे महत्त्व या भेदात आहे. तारीख न्यायालय देते. काम मात्र कचेरीला स्वतः निर्माण करावे लागते.

एक शहर, तीन अधिकारक्षेत्रे

या विषयाचा विचार करण्यास चंदीगड हे शहर फार सोयीचे आहे. देशाच्या फाळणीनंतर लाहोरचे उच्च न्यायालय पाकिस्तानात गेले आणि पूर्व पंजाबासाठी १९४७ साली सिमल्यास नवे उच्च न्यायालय स्थापन झाले. १९५५ साली ते चंदीगडला, ल कॉर्ब्युझिए यांनी आखलेल्या इमारतीत आले. १ नोव्हेंबर १९६६ रोजी हरियाणा हे वेगळे राज्य झाले व चंदीगड केंद्रशासित प्रदेश ठरला. तेव्हापासून दोन राज्ये व एक केंद्रशासित प्रदेश यांच्यासाठी हे एकच उच्च न्यायालय काम पाहत आहे.

या इतिहासाचा परिणाम तेथील वकिलाच्या दिनक्रमावर होतो. उच्च न्यायालय सेक्टर १ मध्ये, तर चंदीगडचे जिल्हा न्यायालय सेक्टर ४३ मध्ये. शहराला लागून असलेले मोहाली पंजाबात मोडते आणि दुसऱ्या बाजूचे पंचकुला हरियाणात. थोडक्या अंतरात तीन वेगवेगळ्या प्रशासनांखालील जिल्हा न्यायालये व एक उच्च न्यायालय असल्यामुळे एकाच कचेरीची चार प्रकरणे एकाच सकाळी चार ठिकाणी लागणे ही तेथे नवलाची गोष्ट नाही. कोणी कोठे जावयाचे, कोणते कागद कोणाबरोबर पाठवावयाचे आणि मागे राहिलेले काम कोणी करावयाचे, हा प्रश्न रोजचाच असतो.

अशा कचेरीचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. एक ज्येष्ठ वकील, दोन-तीन कनिष्ठ वकील, एक टंकलेखक आणि एक मुन्शी. महाराष्ट्रात ज्याला वकिलाचा कारकून म्हणतात त्यालाच त्या भागात मुन्शी म्हणतात. न्यायालयीन शुल्क भरणे, नकलेसाठी अर्ज करणे, नोंदणी शाखेने काढलेले आक्षेप कचेरीत कळविणे, बोर्ड पाहणे, पक्षकाराला सहीसाठी बोलावणे ही सारी कामे तो करतो. त्याच्याजवळ एक दैनंदिनी असते. प्रत्येक दिवसाला एक पान आणि त्या पानावर त्या दिवशीची प्रकरणे, अशी तिची साधी रचना असते. ही पद्धत अनेक पिढ्या चालली, यावरून तिची उपयुक्तता सिद्ध होते.

परंतु या दैनंदिनीत एक मोठी उणीव आहे. कोणते प्रकरण कोणत्या दिवशी आहे हे ती सांगते. त्या दिवसापूर्वी काय करावयाचे, कोणी करावयाचे आणि केव्हापर्यंत करावयाचे हे ती सांगत नाही. हा सर्व तपशील मुन्शीच्या स्मरणात राहतो. “मुन्शीजी, त्या जमिनीच्या दाव्याचे पाहा,” एवढे सांगितले म्हणजे ज्येष्ठ वकिलाच्या मनातील काम मुन्शीच्या मनात उतरते; कागदावर ते कोठेच उमटत नाही. मुन्शी आजारी पडला किंवा लग्नकार्यासाठी गावी गेला की त्याच्याबरोबर अर्धी कचेरीही जाते.

न्यायालयाचा संगणक आणि कचेरीचा संगणक

भारतीय न्यायसंस्थेत संगणकाचा वापर कसा व्हावा याचे राष्ट्रीय धोरण २००५ साली आखण्यात आले आणि ई-कोर्ट्‌स प्रकल्पाचा पहिला टप्पा २००७ साली सुरू झाला. जिल्हा व दुय्यम न्यायालयांतील प्रकरणांची नोंद ठेवणारी ‘केस इन्फर्मेशन सिस्टिम’ ही आज्ञावली राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या पुणे येथील विभागाने तयार केली, ही गोष्ट मराठी वाचकांस विशेष वाटावी. या व्यवस्थेत प्रत्येक प्रकरणाला अक्षरे व अंक मिळून सोळा स्थानांचा एक कायमचा ओळख-क्रमांक दिला जातो. त्यालाच सीएनआर क्रमांक म्हणतात. आरंभीच्या चार अक्षरांवरून राज्य व जिल्हा ओळखता येतो. २०१५ साली देशभरच्या प्रलंबित प्रकरणांची माहिती सर्वांना खुली झाली. वकिलांना व पक्षकारांना आपली प्रकरणे भ्रमणध्वनीवर पाहता यावीत यासाठी निघालेल्या ई-कोर्ट्‌स सेवेची माहितीपुस्तिका २०२१ साली चौदा भाषांत प्रसिद्ध झाली. त्यांत मराठी व पंजाबी या दोन्ही भाषा होत्या.

यामुळे तारीख पाहण्यासाठी न्यायालयापर्यंत हेलपाटा घालण्याची गरज पुष्कळच कमी झाली. त्यातूनच एक गैरसमजही निर्माण होतो. न्यायालयाचा संगणक सर्व काही सांगतो, तेव्हा कचेरीने निराळी नोंद कशाला ठेवावी, असे काही जणांस वाटते. येथे हे ध्यानात घेतले पाहिजे की, न्यायालयाचा संगणक न्यायालयाच्या दृष्टीने प्रकरणाकडे पाहतो. जे प्रकरण अद्याप दाखल झालेले नाही ते त्याच्या लेखी अस्तित्वातच नसते. तसेच एखाद्या दाव्याचा निकाल लागला की तो संगणक ते प्रकरण ‘निकाली’ म्हणून बाजूला काढतो. आणि नेमक्या त्याच क्षणापासून हरलेल्या पक्षकाराची अपिलाची मुदत धावू लागते. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानुसार दिवाणी हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपील करावयाचे असल्यास तीस दिवस आणि उच्च न्यायालयात करावयाचे असल्यास नव्वद दिवस मिळतात. म्हणजे न्यायालयाच्या पडद्यावर जेथे सामसूम होते, तेथेच कचेरीचे सर्वांत तातडीचे काम सुरू झालेले असते. कचेरीच्या आज्ञावलीने भरून काढावयाची उणीव ती हीच.

कामनोंदीची अंगे

प्रकरण-व्यवस्थापनाच्या निरनिराळ्या आज्ञावल्या बाजारात आहेत. त्यांचे पडदे वेगळे असले तरी काम निर्माण करण्याची रीत सर्वत्र जवळजवळ सारखीच आहे. प्रथम प्रकरण निवडावयाचे, मग ‘नवे काम’ या खुणेवर बोट ठेवावयाचे आणि समोर येणारे रकाने भरावयाचे. या रकान्यांपैकी सहा महत्त्वाचे आहेत.

पहिला रकाना कामाच्या नावाचा. येथे क्रियापद असावे. ‘अपिलाचे पाहणे’ हे कामाचे नाव नव्हे. ‘हुकूमनाम्याच्या प्रमाणित नकलेसाठी अर्ज करणे’ हे कामाचे नाव होय. पहिले वाचून माणूस विचारात पडतो, दुसरे वाचून उठून चालू लागतो. दुसरा रकाना प्रकरणाचा. काम प्रकरणाशी जोडले नसेल तर ते सुट्या चिठ्ठीप्रमाणे हरवते. तिसरा रकाना ज्याच्याकडे काम सोपविले त्याच्या नावाचा. चौथा अखेरच्या दिवसाचा. पाचवा सूचनांचा, त्यात कोणते कागद लागतील, कोणाची सही हवी, कोणत्या खिडकीवर जावयाचे हे लिहावे. सहावा रकाना पूर्णतेच्या पुराव्याचा. त्याविषयी पुढे येईलच.

अखेरच्या दिवसाबाबत एक खबरदारी घ्यावी. कायद्याने दिलेला शेवटचा दिवस आणि कचेरीने स्वतःला घालून घेतलेला दिवस हे दोन्ही वेगवेगळे नोंदवावेत. पहिला बदलता येत नाही. दुसरा त्याच्या आधी आठ-दहा दिवस असावा. दोहोंची सरमिसळ झाली म्हणजे कनिष्ठ वकील मनाशी म्हणू लागतो की, साहेबांनी नेहमीप्रमाणे थोडे दिवस हातचे राखून ठेवलेच असतील, आणि खरा शेवटचा दिवस निघून जातो.

न वटलेल्या धनादेशाचे उदाहरण

कल्पना करावी की, मनीमाजरा येथील एका व्यापाऱ्याला मालाच्या किमतीपोटी मिळालेला धनादेश त्याने सेक्टर १७ मधील आपल्या बँकेत भरला आणि तो न वटता परत आला. बँकेची तशी सूचना त्याला ३ मार्च २०२५ रोजी मिळाली. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली फिर्याद करावयाची तर कायद्याने तीन पायऱ्या ठरवून दिल्या आहेत. सूचना मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत धनादेश देणाऱ्यास लेखी नोटीस द्यावयाची. नोटीस पोहोचल्यापासून त्याला पैसे देण्यासाठी पंधरा दिवस द्यावयाचे. ते दिवस उलटूनही पैसे न मिळाल्यास फिर्यादीचे कारण उत्पन्न होते व तेव्हापासून एक महिन्याच्या आत फिर्याद दाखल करावयाची.

व्यापारी कागद घेऊन आला त्याच दिवशी कचेरीने पुढीलप्रमाणे कामे निर्माण करावीत. पहिले काम, धनादेश, बँकेची सूचना, बिले व हिशेब यांच्या प्रती घेऊन मूळ कागद जपून ठेवणे, हे मुन्शीकडे. दुसरे, नोटिशीचा मसुदा करणे. हे कनिष्ठ वकिलाकडे. तिसरे, मसुदा तपासून सही करणे. हे ज्येष्ठ वकिलाकडे. चौथे, नोटीस टपालाने पाठवून पावती प्रकरणास जोडणे. हे पुन्हा मुन्शीकडे. ३ मार्च हा दिवस वगळून मोजल्यास तिसावा दिवस २ एप्रिल हा येतो. तो कायद्याचा दिवस. कचेरीचा दिवस १२ मार्च ठरवावा.

समजा, नोटीस १२ मार्चला रवाना झाली. आता पाचवे काम निर्माण होते, आणि बहुतेक कचेऱ्यांत विसर पडतो तो याच कामाचा. नोटीस नेमकी कोणत्या दिवशी पोहोचली याचा शोध घेऊन टपालाची पोहोच मिळविणे, हे ते काम. त्याला जोवर उत्तर मिळत नाही तोवर पुढची एकही तारीख मोजता येत नाही. नोटीस १७ मार्चला पोहोचली असे धरू. तो दिवस वगळून पंधरावा दिवस १ एप्रिल. फिर्यादीचे कारण २ एप्रिलला उत्पन्न होते. आणि तो दिवस वगळून एक महिना मोजला की २ मे हा अखेरचा दिवस येतो. कारण उत्पन्न झाल्याचा दिवस वगळावयाचा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली साकेत इंडिया प्रकरणात सांगितले आणि २०१३ साली त्यास पुन्हा दुजोरा दिला. येथे ‘महिना’ म्हणजे तीस दिवस नव्हेत, पंचांगातील इंग्रजी महिना होय, हेही विसरता कामा नये.

या उदाहरणात आणखी एक मर्म आहे. पंधरा दिवस पुरे होण्यापूर्वी घाईने दाखल केलेली फिर्याद चालू शकत नाही, असा निर्णय २०१४ साली योगेंद्र प्रताप सिंह प्रकरणात झाला. तेव्हा ‘फिर्याद दाखल करणे’ या कामाला अखेरच्या दिवसाप्रमाणेच आरंभाचा दिवसही लागतो. २ एप्रिलपूर्वी नाही आणि २ मेनंतर नाही, अशी दोन्ही टोके नोंदवावी लागतात. ज्या आज्ञावलीत केवळ शेवटच्या दिवसाचा रकाना आहे तेथे आरंभाचा दिवस कामाच्या नावातच लिहावा. विलंब झाल्यास पुरेसे कारण दाखवून क्षमा मागण्याची सोय कायद्यात आहे. अकाली दाखल केलेल्या फिर्यादीत मात्र प्राणच नसतो.

पहिला दिवस धरावयाचा की वगळावयाचा

दिवस मोजणे हे काम संगणक निमिषार्धात करतो. परंतु कोणत्या दिवसापासून मोजावयाचे, हे त्याला माणसाने सांगावे लागते. मुदतीच्या कायद्यात सामान्यतः पहिला दिवस वगळला जातो, हे वर आलेच. आता याच्या उलट उदाहरण पाहू.

कोठडीतील आरोपीविरुद्ध ठरावीक ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र दाखल झाले नाही तर त्याला जामिनावर सुटण्याचा हक्क मिळतो. ही तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६७ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ मध्ये आहे. हा हक्क आपोआप फळाला येत नाही. उदय मोहनलाल आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २००१ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, आरोपीने जामिनासाठी अर्ज केला व जामीन देण्याची तयारी दाखविली म्हणजे त्याने हक्क बजावला असे होते. दोषारोपपत्र दाखल होईपर्यंत त्याने अर्जच केला नाही, तर तो हक्क संपतो.

यात दिवस कसे मोजावेत याचा निर्णय मुंबईच्या एका प्रकरणात, अंमलबजावणी संचालनालय विरुद्ध कपिल वाधवान यात, २०२३ साली तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दिला. त्या प्रकरणात आरोपींना १४ मे २०२० रोजी कोठडी मिळाली होती. तो दिवस धरला तर साठावा दिवस १२ जुलै येतो. वगळला तर १३ जुलै. १२ जुलैला रविवार होता. दोषारोपाचे कागद प्रत्यक्ष दाखल झाले ते १३ जुलैला, आणि जामिनाचा अर्ज त्याच सकाळी झाला होता. कोठडीचा पहिला दिवस मोजणीत धरावयाचा, असे न्यायालयाने ठरविले आणि आरोपींचा हक्क मान्य झाला. एका दिवसाच्या मोजणीवर माणसाचे स्वातंत्र्य अवलंबून होते, असे या प्रकरणाबद्दल म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

यावरून कचेरीने एक नियम करावा. मुदतीच्या प्रत्येक कामनोंदीत अखेरच्या दिवसाबरोबर तीन गोष्टी लिहाव्यात: मोजणी कोणत्या घटनेपासून केली, पहिला दिवस धरला की वगळला, आणि कोणत्या तरतुदीखाली. हे लिहिले असले की दुसऱ्या वकिलाला मोजणी पडताळून पाहता येते. केवळ तारीख लिहिली असेल तर तिच्यावर विश्वास ठेवण्यावाचून त्याला गत्यंतर नसते.

काम सोपविणे

कामनोंद अचूक झाली तरी काम झाले असे होत नाही. ते कोणाकडे तरी सोपवावे लागते, आणि येथे एकाच नावाचा आग्रह धरावा. बहुतेक आज्ञावल्यांत एक काम अनेकांकडे सोपविण्याची सोय असते. ती मोहात पाडणारी आहे. दोन कनिष्ठ वकील व मुन्शी अशा तिघांकडे दिलेले काम तिघेही पाहतात आणि प्रत्येक जण ते दुसऱ्याने केले असेल असे धरून चालतो. मदत कितीही जणांची असो, जबाबदार एकच असावा. काम खरोखरच तिघांचे असेल, तर त्याचे तीन तुकडे करून प्रत्येकास एकेक नाव द्यावे.

सोपविताना तीन प्रश्न विचारावेत. हे काम करण्याचा अधिकार त्या व्यक्तीस आहे काय? मुन्शी नकलेसाठी खटपट करू शकतो. मसुद्यातील कायद्याचा मुद्दा ठरवू शकत नाही. त्या व्यक्तीस त्या दिवशी सवड आहे काय? आज्ञावली प्रत्येकाच्या नावावरील कामांची यादी दाखविते. पंचकुल्यात दिवसभर साक्ष चालणार असलेल्या वकिलाकडे त्याच दुपारी मोहालीत अर्ज दाखल करण्याचे काम देणे म्हणजे ते न देण्यासारखेच होय. आणि तिसरा प्रश्न असा की, काम मिळाल्याचे त्या व्यक्तीने मान्य केले आहे काय? पडद्यावर नाव उमटले म्हणजे माणसाला कळले, असे समजणे धोक्याचे आहे. विशेषतः ज्या मुन्शीने आयुष्यभर वहीत लिहिले त्याला भ्रमणध्वनीवरील सूचना दिसतेच असे नाही. अशा कचेरीत सकाळी निघण्यापूर्वी दहा मिनिटे बसून दिवसाची यादी मोठ्याने वाचण्याची रीत ठेवावी. मुन्शीला वगळून बसविलेली व्यवस्था टिकत नाही, कारण नोंदणी शाखेत काय घडले हे सर्वांत आधी त्यालाच कळते.

कनिष्ठ वकील एक कचेरी सोडून दुसरीकडे जातात किंवा स्वतंत्र व्यवसाय सुरू करतात, हे स्वाभाविकच आहे. त्यांच्या नावावरील अपुरी कामे त्यांच्याबरोबर मूक होऊ नयेत. जाण्याच्या दिवशी त्यांच्या नावाची संपूर्ण यादी काढून प्रत्येक काम नव्या नावावर करावे व त्या नव्या व्यक्तीला ते समक्ष सांगावे.

साचे आणि त्यांच्या मर्यादा

पुष्कळ प्रकरणांत तीच ती कामे त्याच क्रमाने येतात. म्हणून आज्ञावलीत कामांचे साचे तयार करून ठेवता येतात. प्रकरण दाखल झाले की दहा-बारा कामे एकदम निर्माण होतात. एक काम पुरे झाल्यावाचून दुसरे सुरू होऊ नये, अशी साखळीही घालता येते. याने श्रम वाचतात यात संशय नाही.

परंतु साचा हा काल केलेल्या विचाराचा ठसा असतो. प्रतिवादीची लेखी कैफियत हे उदाहरण घ्यावे. सामान्य दिवाणी दाव्यात ती समन्स पोहोचल्यापासून तीस दिवसांत द्यावयाची असते आणि न्यायालय नव्वद दिवसांपर्यंत वेळ देऊ शकते. ही मर्यादाही अपवादात्मक स्थितीत ओलांडता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली म्हटले. व्यावसायिक न्यायालयांच्या २०१५ च्या कायद्याखालील दाव्यात मात्र १२० दिवसांनंतर कैफियत देण्याचा हक्कच उरत नाही. कामाचे नाव एकच, ‘लेखी कैफियत दाखल करणे’. पण एका दाव्यात उशीर क्षम्य आहे, दुसऱ्यात तो प्राणघातक आहे. एकच साचा दोन्हींना लावणारी कचेरी केव्हा तरी अडचणीत येतेच. त्याचप्रमाणे १ जुलै २०२४ रोजी तीन नवे फौजदारी कायदे अमलात आले, तेव्हा साच्यांतील कलमांचे जुने क्रमांक निरुपयोगी झाले. तेव्हा प्रत्येक साच्याला एक मालक असावा आणि तो साचा शेवटी कधी तपासला त्याचा दिवस त्यावर लिहिलेला असावा.

काम पुरे झाले म्हणजे काय?

‘झाले’ हा शब्द कचेरीत फार सैलपणे वापरला जातो. “अपिलाचे झाले का?” या प्रश्नाला “झाले” असे उत्तर मिळते, तेव्हा त्याचा अर्थ मसुदा झाला, टंकन झाले, पक्षकाराची सही झाली, नोंदणी शाखेत कागद दिले किंवा आक्षेप दूर होऊन क्रमांक मिळाला, यांपैकी काहीही असू शकतो. कागद दिल्यावर शाखेने आक्षेप काढले व ते वेळीच दूर केले नाहीत, तर कचेरीच्या दृष्टीने झालेले काम न्यायालयाच्या दृष्टीने झालेलेच नसते. म्हणून प्रत्येक कामाबरोबर त्याचा पुरावा आधीच ठरवून ठेवावा. नकलेच्या अर्जाचा पुरावा म्हणजे अर्जाची पावती; नोटिशीचा पुरावा म्हणजे टपालाची पोहोच; अपील दाखल झाल्याचा पुरावा म्हणजे नोंदणी क्रमांक. पुरावा जोडल्याशिवाय काम बंद करू नये आणि मुदतीचे काम ज्याने केले त्यानेच बंद करू नये, असे दोन नियम पाळले तर निम्मी संकटे टळतात.

नकलेच्या अर्जाचे महत्त्व तर दुहेरी आहे. प्रमाणित नक्कल मिळण्यास लागलेला काळ अपिलाच्या मुदतीतून वगळला जातो. पण त्यासाठी अर्ज मुदतीत झालेला असावा लागतो. निकालाच्या दिवशीच अर्ज करणाऱ्या मुन्शीने आपल्या पक्षकारासाठी मोलाचे दिवस वाचविलेले असतात. म्हणून निकालाची नोंद होताच निर्माण होणारे पहिले काम हेच असावे.

विलंब झाल्यावर काय होते, याचा अनुभव शासकीय खात्यांनीही घेतला आहे. १९८७ साली अनंतनागच्या भूसंपादन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विलंबाकडे उदारपणे पाहावे असे म्हटले होते. पुढे २०१२ साली टपाल खात्याने लिव्हिंग मीडियाविरुद्ध केलेल्या अपिलात ४२७ दिवसांचा विलंब झाला होता. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिल्याची कारणे न्यायालयाने स्वीकारली नाहीत. आधुनिक साधने उपलब्ध असताना अशी सबब चालणार नाही, असा त्याचा आशय होता. त्या खात्याकडे मनुष्यबळ कमी नव्हते. प्रत्येक टेबलावर कोणी तरी होते; पण संपूर्ण मुदत एका माणसाची नव्हती.

पक्षकाराच्या दोषाचा आणि वकिलाच्या दोषाचा भेदही न्यायालयांनी केला आहे. वकिलाच्या चुकीची शिक्षा निरपराध पक्षकारास होऊ नये, असे १९८१ साली रफीक विरुद्ध मुन्शीलाल या प्रकरणात म्हटले गेले. परंतु हा सर्वत्र लागू पडणारा नियम नव्हे, असे १९९३ साली सलील दत्ता प्रकरणात स्पष्ट करण्यात आले. तेव्हा न्यायालयाच्या दयेवर कचेरीची व्यवस्था उभारता येत नाही.

कोणी काय पाहावे

कामनोंदीत पक्षकाराची गुपिते उतरतात. ‘अमुक साक्षीदार उलटतपासात टिकणार नाही’ अशी सूचना चुकून भलत्याच्या पडद्यावर गेली तर हानी भरून येत नाही. वकील व पक्षकार यांच्यातील व्यवहार गुप्त ठेवण्याचे बंधन भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ नुसार वकिलावर आहे आणि तेच वकिलाच्या कारकुनास व नोकरांसही लागू आहे. तेव्हा ज्याला ज्या प्रकरणाचे काम दिले त्याला त्याच प्रकरणाचे कागद दिसावेत, अशी आज्ञावलीत तजवीज करावी. कचेरी सोडणाऱ्याची कामे जशी दुसऱ्याच्या नावावर करावयाची, तसाच त्याचा प्रवेशही त्याच दिवशी बंद करावयाचा.

लहान कचेरीने हे सारे एकदम करावयास निघू नये. प्रथम केवळ मुदतीची कामे आज्ञावलीत घालावीत आणि दोन-तीन महिने मुन्शीची दैनंदिनी तिच्या जोडीने चालू ठेवावी. दोहोंत जेथे फरक दिसेल तेथे थांबून कारण शोधावे. पुष्कळदा चूक संगणकाची नसून मोजणीस आरंभ चुकीच्या घटनेपासून केल्याची असते. संगणक ठरलेल्या दिवशी आठवण देईल, पण आठवण कशाची द्यावयाची हे त्याला कोणी तरी आधी सांगितलेले असावे लागते. मनीमाजऱ्याचा तो व्यापारी धनादेश व बँकेची सूचना वकिलाच्या मेजावर ठेवून घरी जातो, तेव्हा २ मे ही तारीख त्याला माहीत नसते, आणि ती माहीत असण्याची त्याच्याकडून कोणी अपेक्षाही करीत नाही. त्या दिवसाचा भार त्याने कचेरीवर टाकलेला असतो. त्या कचेरीत तो भार कोणा एका नावावर त्याच सायंकाळी चढला की नाही, यावर त्याच्या पैशाचे पुढचे भवितव्य ठरते.